स्कॉटी बोमनचे स्टॅनले कप नक्की किती, ९ का १४? आणि बफेलोत काय बिनसलं?

नवखी_प्रेक्षक:
नमस्कार मंडळी. आइस हॉकी बघायला लागून फार काळ नाही झाला, नियम आता कुठे अंगवळणी पडतायत (ऑफसाईड अजूनही कधीकधी डोक्यावरून जातो), तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. मला खेळाडूंपेक्षा बेंचमागे सूट घालून चेहरा दगडासारखा करून उभ्या असलेल्या माणसाचं जास्त कुतूहल वाटतं, म्हणून जुन्या कोचेसबद्दल वाचत होते, तर जिकडे जावं तिकडे स्कॉटी बोमन. पण एकीकडे लिहिलंय नऊ स्टॅनले कप (एनएचएल ह्या उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या हॉकी लीगची ट्रॉफी), दुसरीकडे चौदा. पाचाचा फरक म्हणजे काय टायपो नाही ना.

आणि दुसरं जास्त छळणारं. मॉन्ट्रियलला पाच कप, पुढे पिट्सबर्ग आणि डेट्रॉईट मिळून चार, आणि मधे बफेलो सेबर्समध्ये सात वर्षं जनरल मॅनेजर, बराच काळ कोचही तोच, तरी भोपळा! तिथे तर सगळी सूत्रं त्याच्याच हातात होती. मग कोच म्हणून एवढा भारी माणूस जीएम म्हणून का अडकला? क्रिकेटमध्ये निवड समिती वेगळी आणि कॅप्टन वेगळा हे माहितीये, पण इथे कोच आणि जीएमच्या कामात नक्की फरक काय ते कोणीतरी नीट सांगा. वेळ असेल तर सविस्तर लिहा, मला वाचायला कंटाळा नाही.

पकपुराण:
दोन्ही आकडे बरोबर. नऊ हेड कोच म्हणून: मॉन्ट्रियल कॅनेडियन्स १९७३, मग १९७६ ते ७९ ओळीने चार, पिट्सबर्ग पेंग्विन्स १९९२, डेट्रॉईट रेड विंग्स १९९७, ९८ आणि २००२. उरलेले पाच ऑफिसातल्या खुर्चीवरून: १९९१ ला पिट्सबर्गमध्ये प्लेयर डेव्हलपमेंटचा डायरेक्टर होता, २००८ ला डेट्रॉईटचा सल्लागार, आणि २०१०, १३, १५ ला शिकागो ब्लॅकहॉक्सचा सिनियर ॲडव्हायझर. कपवर खेळाडूंसोबत कोच आणि ऑफिसातल्या लोकांचीही नावं कोरतात, म्हणून त्याचं नाव तिथे चौदा वेळा. त्याच्या पुढे फक्त जाँ बेलिव्हो, १७ वेळा, त्यात दहा खेळाडू म्हणून आणि सात ऑफिसातून.

आता थोडं मागे जाऊन सांगतो कारण बफेलोचं उत्तर मागेच आहे. बोमन १९३३ चा, मॉन्ट्रियलच्या व्हर्डनचा. ज्युनियर हॉकी खेळत असताना १९५२ मध्ये जाँ-गी टॅल्बो नावाच्या खेळाडूची स्टिक डोक्यात बसली आणि कवटी फ्रॅक्चर झाली, एनएचएल खेळायचं स्वप्न तिथेच संपल्यात जमा. मग रंगाच्या कंपनीत नोकरी आणि संध्याकाळी पोरांच्या टीमला कोचिंग असं चालू होतं. तिथून त्याला उचललं सॅम पोलॉकने, जो पुढे कॅनेडियन्सचा जीएम झाला. पोलॉकच्या हाताखाली ओटावा-हलच्या ज्युनियर टीमबरोबर काम केलं, १९५८ ला ज्युनियर टीमचा मेमोरियल कप जिंकला, मग पीटरबरोला कोच, मधे स्काऊट म्हणून गावोगावच्या रिंकवर थंडीत बसून पोरं हेरायचं काम. हे स्काऊटिंग विसरू नका, ते पुढे कामी येतं.

१९६७ ला एनएचएलने सहाच्या बारा टीम केल्या. सहाही नव्या टीम एकाच डिव्हिजनमध्ये टाकल्या, म्हणजे फायनलला एक नवी टीम जाणार हे ठरलेलंच. ती तीनही वर्षं सेंट लुईस ब्लूज निघाली आणि कोच होता चौतिशीतला बोमन. तिन्ही फायनल (फायनल म्हणजे सात मॅचची सिरीज, आधी चार जिंकेल त्याचा कप) ४-० ने हरला ही गोष्ट वेगळी (दोनदा मॉन्ट्रियलकडून, १९७० ला बॉस्टनकडून, तो बॉबी ऑरचा हवेत उडालेला फोटो पाहिला असेल ना, तो ह्याच फायनलचा शेवटचा गोल) पण दुसऱ्यांनी सोडलेल्या म्हाताऱ्या खेळाडूंना घेऊन तो तिथवर गेला. ग्लेन हॉल, जॅक प्लांट असे पस्तिशी-चाळिशीचे गोली (गोलकीपर). आणि त्या टीममध्ये टॅल्बोपण होता! ज्याच्या स्टिकने करिअर गेलं त्याला बोमनने स्वतःच्या टीममध्ये खेळवलं. लोक ह्यावर मोठेपणाची गोष्ट रचतात, मला वाटतं त्याला डिफेन्समन हवा होता आणि टॅल्बो बरा खेळत होता, बास.

१९७१ ला मालकांशी फाटलं आणि तो मॉन्ट्रियलला परत आला, पुन्हा पोलॉककडे. आता इथे बघा, पोलॉक वर बसून काय करत होता. १९७० मध्येच कॅलिफोर्निया गोल्डन सील्सकडून त्यांचा १९७१ च्या ड्राफ्टचा (नव्या पोरांची निवड, त्यात तळाच्या टीमचा नंबर आधी) पहिल्या राऊंडचा पिक ट्रेडमध्ये घेऊन ठेवला, कारण सील्स तळाला जाणार आणि त्या वर्षी गी लाफ्लर हा गुणी पोरगा ड्राफ्टमध्ये येणार हे त्याने ताडलं होतं. मग झालं काय की लॉस एंजेलिसची टीम सील्सपेक्षाही वाईट खेळायला लागली, तेव्हा पोलॉकने आपला राल्फ बॅकस्ट्रॉम लॉस एंजेलिसला देऊन टाकला, असं सांगतात की ती टीम जरा सुधारावी आणि सील्सच शेवटी राहावी म्हणून. लाफ्लर मिळाला. हे जीएमचं काम. आणि तो लाफ्लर कोणाबरोबर, कोणाविरुद्ध, कितव्या सेकंदाला बर्फावर उतरवायचा हे बोमनचं काम. दोघं मिळून १९७६-७७ ला ८० मॅचमध्ये ६० जिंकल्या, १२ बरोबरीत आणि फक्त ८ हरल्या.

१९७८ ला पोलॉक गेला, जीएमची खुर्ची अर्विंग ग्रंडमनला मिळाली. बोमनला ती हवी होती. आणखी एक सीझन थांबला, १९७९ चा कप जिंकला आणि बफेलोला निघून गेला, जिथे दोन्ही खुर्च्या मिळणार होत्या. पुढचं दुसरं कोणीतरी लिहा, मी दमलो.

निळी_रेषा:
पुढचं मी लिहिते, सेबर्सची जुनी दुखणी मला पाठ आहेत.

ताई, तुम्ही विचारलंत ना फरक काय, तर कोचच्या डोक्यात आज रात्रीची मॅच असते. जीएमच्या डोक्यात आज रात्रीची मॅच असून चालत नाही, त्याला अठरा वर्षांचं पोरगं बघून ते तेविसाव्या वर्षी कसं खेळेल ह्याचा अंदाज बांधायचा असतो, कोणाला कधी विकायचं, कोणाचं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं, कोणता लाडका खेळाडू आता उताराला लागलाय हे लोकांच्या आधी ओळखायचं. कोच हरला की त्याला तो खेळाडू उद्या बेंचवर बसवावासा वाटतो. जीएमने त्याच वेळी गप्प बसायचं असतं. आता हीच दोन माणसं एका अंगात घाला.

बोमन १९७९ ला आला तेव्हा बफेलोत "फ्रेंच कनेक्शन" लाईन म्हणजे गिल्बर्ट पेरो, रिक मार्टिन आणि रेने रोबेर हे तिघं लोकांचे गळ्यातले ताईत. रोबेरला पहिल्याच वर्षी कोलोरॅडोला पाठवला. मार्टिनचा गुडघा गेला होता, १९८१ च्या मार्चमध्ये त्याला लॉस एंजेलिसला दिला. डिसेंबर १९८१ मध्ये कॅप्टन डॅनी गेअर आणि जिम शोनफेल्ड डेट्रॉईटला. लोकांनी केवढ्या शिव्या घातल्या असतील विचार करा.

पण आता नीट बघा. मार्टिन लॉस एंजेलिससाठी जेमतेम चार मॅच खेळला आणि संपला. त्याच्या बदल्यात आलेला पिक होता १९८३ चा पहिल्या राऊंडचा, त्यावर बोमनने घेतला टॉम बरासो. शाळेतून थेट! अमेरिकेतल्या हायस्कूलचा गोली, ज्युनियर नाही कॉलेज नाही, सरळ एनएचएल, आणि पहिल्याच सीझनला त्याने काल्डर (बेस्ट रुकी) आणि वेझिना (बेस्ट गोली) दोन्ही ट्रॉफ्या घेतल्या. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९८२ ला, सहाव्या नंबरवर फिल हाउसली आणि सोळाव्या नंबरवर डेव्ह अँड्रेचक. आज तिघंही हॉल ऑफ फेममध्ये आहेत. दोन वर्षांत पहिल्या राऊंडमधून तीन हॉल ऑफ फेमर काढणाऱ्या माणसाला वाईट जीएम म्हणणार? मी तरी नाही म्हणणार, माझे सेबर्सवाले मित्र म्हणतात.

मग बिनसलं कुठे तर माझ्या मते बेंचमागे. पहिल्या वर्षी कोच स्वतः. मग रॉजर नीलसनला कोच केलं, एक सीझन, तो गेला. मग जिमी रॉबर्ट्स, त्यालाही सीझनच्या मधे बाजूला करून हा परत बेंचमागे. १९८५ ला शोनफेल्डला कोच केलं (हो तोच, ज्याला विकला होता), काही महिने झाले नाहीत तर त्यालाही काढून पुन्हा स्वतः. त्या सीझनला टीम प्लेऑफलाही (साखळीनंतरची बाद फेरी) नाही गेली. डिसेंबर १९८६ ला बोमनचीच उचलबांगडी. जीएम म्हणून पाच वर्षांचा विचार करायचा आणि चार मॅच हरल्या की आतला कोच उसळून उठणार, "बाजूला हो, मी बघतो." आपला कोच खाली उभा असताना वर बसून बघत राहणं ह्या माणसाला जमलंच नाही. तरुण पोरांना त्याच्यासारखा कडक कोच रोज मिळाला, आणि ज्याच्याकडे गाऱ्हाणं न्यायचं तो जीएमपण तोच.

आणि सगळ्यात जिवाला लागणारं म्हणजे बरासो पुढे पिट्सबर्गला गेला, आणि १९९१ आणि ९२ चे कप जिंकले तेव्हा गोलमध्ये तोच होता. ९२ ला बेंचमागे बोमन. म्हणजे बफेलोत पेरलं आणि पिट्सबर्गात कापलं, आम्ही आपले बघतोय.

तिसरा_पिरियड:
मला हे १४ कप प्रकरण जरा फुगवलेलं वाटतं, राग नसावा. ९ कप हे निर्विवाद, रेग्युलर सीझनचे १२४४ विजय निर्विवाद, पण २०१०, १३, १५ च्या शिकागोच्या कपमध्ये ह्यांचं नक्की काम काय? जीएम कोण तर पोरगा स्टॅन बोमन (१९७३ चा कप जिंकल्यावर झालेला मुलगा, म्हणून नाव स्टॅनले, हे मात्र खरं आहे). आणि २०१० ची टीम तर बरीचशी आधीचा जीएम डेल टॅलनने बांधलेली होती. वडील सल्लागार, मुलगा जीएम, सल्ला जेवणाच्या टेबलावर दिला का ऑफिसात कोण मोजणार? मग खाली बेंचमागे उभ्या असलेल्या जोएल क्वेनव्हिलला काय म्हणायचं.

आणि २०१० चा तो कप नुसता मिरवण्यासारखाही राहिलेला नाही. त्याच वेळी टीमच्या व्हिडिओ कोचने काइल बीच ह्या तरुण खेळाडूवर लैंगिक अत्याचार केला होता आणि वरच्या लोकांना कळूनही फायनल होईपर्यंत काही केलं गेलं नाही, हे २०२१ च्या चौकशीत बाहेर आलं. क्लबला २० लाख डॉलर दंड झाला, स्टॅन बोमनने राजीनामा दिला. लीगने त्याच्यावर घातलेली बंदी २०२४ ला उठवली आणि त्याच महिन्यात एडमंटनने त्याला जीएम केलं, ह्यावर लोकांची मतं काय आहेत ते इथे नको, वेगळा धागा लागेल. वडिलांवर मी काही ढकलत नाहीये. पण एक्झिक्युटिव्हच्या करिअरचा हिशोब करताना कपवरची नावं मोजली आणि झालं असं करू नका, ऑफिसात बसणाऱ्याचं कामच मुळात मॅचच्या बाहेरचं असतं आणि तिथे तो काय करतो तेही हिशोबात धरा.

पकपुराण:
@तिसरा_पिरियड, शिकागोचं मान्य, सल्लागाराचे कप कोचच्या कपाच्या तराजूत घालू नयेत. पण १९९१ चा पिट्सबर्गचा वेगळा आहे.

बफेलोनंतर तीन वर्षं तो टीव्हीवर कॉमेंट्री बॉक्समध्ये होता. १९९० ला तिथला जीएम क्रेग पॅट्रिकने त्याला पिट्सबर्गला बोलावलं, कोचिंग नाही, फक्त खेळाडू बघायचे आणि मत द्यायचं. कोच होते बॉब जॉन्सन, एकदम उलट स्वभावाचे, सतत हसरे, खेळाडूंना जीव लावणारे. १९९१ ला कप जिंकला. ऑगस्टमध्ये जॉन्सनना ब्रेन ट्यूमर निघाला, नोव्हेंबरमध्ये ते गेले. टीम हातात घ्यायला बोमनच जवळ होता. आणि लगेच त्याच्या कडक पद्धतीवर खेळाडू वैतागले, जॉन्सनच्या प्रेमाची सवय झालेली ना. तेव्हा ५८ वर्षांच्या ह्या हट्टी माणसाने काय केलं, तर सराव असिस्टंट कोचेसकडे सोडून दिला आणि मॅचच्या रात्री बेंच स्वतः सांभाळला. कप जिंकला. फायनलला समोर शिकागो, जी त्या प्लेऑफमध्ये ओळीने ११ मॅच जिंकून आली होती, आणि त्यांचा कोच माइक कीनन, जो बोमनच्या बफेलो काळात त्यांच्या रोचेस्टरच्या टीमला कोचिंग करत होता. ४-०.

बफेलोतला बोमन असा सराव सोडून देता का? मला नाही वाटत. माणूस मार खाऊन थोडा बदलला होता.

नवखी_प्रेक्षक:
बापरे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना खूप धन्यवाद. निळी_रेषा, तुमचं बरासोचं वाचून मलाच वाईट वाटलं. पण एक सांगा, मग डेट्रॉईटला काय, तिथे तो फक्त कोच होता का परत दोन्ही? आणि हे "कितव्या सेकंदाला कोणाला उतरवायचं" म्हणजे काय, मला तर बेंचवरून माणसं नुसती उड्या मारून आत-बाहेर करताना दिसतात, त्यात डोकं कुठे लागतं?

बेंचवरून:
पहिल्यांदाच लिहितोय इथे, पण हा प्रश्न माझ्या आवडीचा.

शिफ्ट म्हणजे खेळाडूची बर्फावरची एक पाळी साधारण ४५ सेकंदांची असते, त्यापुढे पाय जड होतात. शिट्टी वाजून खेळ थांबला की बदली करताना पाहुण्या टीमने आपली माणसं आधी उतरवायची आणि मग यजमान कोचने, म्हणजे घरच्या कोचला समोर कोण आहे ते बघून पत्ता टाकता येतो. ह्याला लास्ट चेंज म्हणतात. बाहेरच्या रिंकवर हा फायदा नसतो, मग चालू खेळात बदली करायची, एखाद्याला दहा सेकंदांसाठी उतरवून लगेच परत बोलवायचं, का तर समोरचा हवा तो खेळाडू आता बर्फावर आलाय. बोमन तोंडात बर्फाचे तुकडे चघळत हे तीन तास करत राहायचा.

सगळ्यात सुंदर उदाहरण १९९७ ची फायनल. डेट्रॉईट विरुद्ध फिलाडेल्फिया फ्लायर्स. फ्लायर्सकडे एरिक लिंड्रोस, साडेसहा फुटाच्या आसपास उंच, अंगाने रेडा, त्याची लाईन समोरच्याला चेचत चेचत फायनलला आलेली. सगळ्यांना वाटलं बोमन त्याच्यासमोर व्लादिमिर कॉन्स्टँटिनोव्हला सोडणार, टीमचा सगळ्यात खतरनाक हिटर. बोमनने सोडले निकलस लिड्स्ट्रॉम आणि लॅरी मर्फी. दोघंही मारामारीवाले नाहीत. मर्फीला तर टोरांटोत घरचे प्रेक्षक हुर्यो करायचे, मार्चमध्ये तिथून जवळजवळ फुकटात आणलेला. हिशोब असा की लिंड्रोसला धडकायला माणूसच द्यायचा नाही, पक (खेळायची रबरी चकती) त्याच्या आधी उचलायचा आणि शांतपणे पास करून बाहेर काढायचा. धडकायला कोणी नाही म्हटल्यावर त्या रेड्याने करायचं काय. पहिल्या दोन मॅच फिलाडेल्फियात होत्या, लास्ट चेंज त्यांच्याकडे, तरी बोमनने ही जोडी त्याच्यासमोर आणून दाखवली. ४-० सिरीज, आणि लिंड्रोसचा एकमेव गोल चौथ्या मॅचला शेवटची १५ सेकंद उरलेली असताना. डेट्रॉईटला १९५५ नंतर पहिल्यांदा कप. ती टीम जिंकून आठवडा होत नाही तोच कॉन्स्टँटिनोव्ह लिमोझिनच्या अपघातात कायमचा जायबंदी झाला, आणि पुढच्या वर्षी परत कप जिंकल्यावर त्याला व्हीलचेअरवर बर्फावर आणून कप त्याच्या मांडीवर ठेवला.

आता तुमचा दुसरा प्रश्न. डेट्रॉईटला १९९३ ला कोच म्हणून आला, पण १९९४ पासून काही वर्षं खेळाडू आणायच्या निर्णयांतही त्याचा मोठा हात होता, फक्त आता वर जिम डेवेलानो आणि सोबत केन हॉलंड अशी माणसं होती, एकट्याचा कारभार नव्हता. इथे बघा काय केलं. न्यू जर्सीकडून व्याचेस्लाव फेटिसोव्ह तिसऱ्या राऊंडच्या पिकवर आणला, वय ३७ ला टेकलेलं. सॅन होजेकडून इगोर लॅरिओनोव्ह आणला आणि बदल्यात रे शेपर्ड दिला, ज्याने एका सीझनला ५२ गोल मारले होते. लोकांनी डोक्याला हात लावला. पण ह्या दोघांना आधीच टीमवर असलेल्या फेदेरोव्ह, कोझलोव्ह आणि कॉन्स्टँटिनोव्हबरोबर २७ ऑक्टोबर १९९५ ला कॅलगरीत एकत्र उतरवलं आणि "रशियन फाइव्ह" तयार. पाचही जण सोव्हिएत पद्धतीने पक आपल्याकडेच ठेवणारे, जागा मिळेपर्यंत मागे फिरवणारे, उत्तर अमेरिकन टीमना ते पकडताच येईना. त्या सीझनला ६२ मॅच जिंकल्या. हा ट्रेड कुठल्याही निव्वळ जीएमला सुचला नसता, कारण शेपर्डचे गोल कागदावर दिसतात आणि लॅरिओनोव्हचं डोकं बेंचमागून दिसतं.

निळी_रेषा:
@बेंचवरून मस्त लिहिलंत. ह्यात कॅप्टन स्टीव्ह आयझरमनचं पण घाला, १९८८-८९ ला १५५ पॉइंट (स्वतःचे गोल आणि गोलला दिलेले पास मिळून) करणारा खेळाडू, त्याला बोमनने सांगितलं गोल कमी झाले तरी चालतील पण मागे येऊन डिफेन्स कर. त्याला ओटावाला विकणार अशा अफवासुद्धा उठल्या होत्या. ऐकलं त्याने, तीन कप उचलले, २००० ला बेस्ट डिफेन्सिव्ह फॉरवर्डची सेल्की ट्रॉफीपण. आणि आता तोच डेट्रॉईटचा जीएम.

अजून एक, बोमनच्या १९७० च्या दशकातल्या मॉन्ट्रियल टीममधून किती जण ह्याच धंद्यात गेले बघा. बॉब गेनी डॅलसचा जीएम, १९९९ चा कप. जॅक लमेर न्यू जर्सीचा कोच, आणि त्याने १९९५ च्या फायनलला कोणाला ४-० हरवलं, तर बोमनच्याच डेट्रॉईटला. त्याचा असिस्टंट लॅरी रॉबिन्सन, तोही बोमनचाच. त्याच टीममधल्या स्टीव्ह शटचं ते प्रसिद्ध वाक्य आहे ना, वर्षाचे ३६४ दिवस त्याचा राग यायचा आणि ३६५ व्या दिवशी कपची अंगठी मिळायची. राग आला तरी पोरं सगळं टिपून घेत होती.

उत्तरवारा:
सगळे बोमनचे भक्त जमलेत म्हणून उलट बाजू मांडतो. "कोच आणि जीएम एकाच माणसाला जमत नाही" असा जो सूर लागलाय तो मला पटत नाही. ग्लेन सॅथर घ्या. एडमंटन ऑयलर्स, १९८४, ८५, ८७, ८८ चार कप, कोच पण तोच जीएम पण तोच. १९७९ ला एकाच ड्राफ्टमध्ये केव्हिन लो, मार्क मेसिए (४८ वा!) आणि ग्लेन अँडरसन, पुढच्या वर्षी पॉल कॉफी, यारी कुरी, अँडी मूग, त्याच्या पुढच्या वर्षी ग्रँट फ्यूर. वेन ग्रेट्स्कीसारखा महान खेळाडू आधीपासून होताच. तीन वर्षांत अख्खं घराणं उभं केलं आणि स्वतःच कोचिंग केलं. सॅथर स्वतः खेळाडू म्हणून सहा-एक टीममध्ये फिरलेला साधा गडी होता, त्यामुळे त्याला पोरांना मोकळं सोडायचं कळत होतं. बोमनने तेच पोरांचं वर्गशिक्षक होऊन केलं म्हणून बफेलो फसलं. दोष दोन खुर्च्यांचा नाही, बसणाऱ्याचा आहे.

तिसरा_पिरियड:
@उत्तरवारा अर्धीच गोष्ट सांगितलीत. सॅथर २००० ला न्यूयॉर्क रेंजर्सचा प्रेसिडेंट आणि जीएम झाला, खिशात भरपूर पैसा, आणि पहिले चारही सीझन प्लेऑफ नाही. आणि मधे काय केलं? २००३ ला ब्रायन ट्रॉटिएला कोचपदावरून काढून स्वतः बेंचमागे! निळी_रेषा म्हणतायत तेच दुखणं, बफेलोत तेच, न्यूयॉर्कात तेच. लू लॅमोरिएलोनेपण न्यू जर्सीत २००७ ला सीझनच्या तीन मॅच उरलेल्या असताना क्लोद झूलिएंला काढून स्वतः कोचिंग केलं आणि दुसऱ्या राऊंडला गारद. झूलिएंने २०११ ला बॉस्टनला कप मिळवून दिला.

एडमंटनला जमलं कारण सगळी पोरं एकाच वयाची एकदम वर आली. तसं रोज होत नाही.

उत्तरवारा:
तेही आहे म्हणा. पण लॅमोरिएलोने २००० ला आठ मॅच उरलेल्या असताना कोच काढून रॉबिन्सनला आणलं आणि कप जिंकला, ते सांगितलं नाहीत 😀

बेंचवरून:
आता हा वाद तसाही ऐतिहासिकच. २००५ ला सॅलरी कॅप (टीमच्या एकूण पगारावरची मर्यादा) आली, तेव्हा ३ कोटी ९० लाख डॉलर होती, २०२५-२६ ला ९ कोटी ५५ लाख. जीएमचा सगळा दिवस कोणाचं कॉन्ट्रॅक्ट कुठे बसवायचं ह्यातच जातो, शिकागोला २०१० चा कप जिंकल्या जिंकल्या अर्धी टीम कॅपपायी विकावी लागली. बोमनची २००२ ची डेट्रॉईट टीम, हॅशेक, ब्रेट हल, रोबिताय सगळे एकत्र, आजच्या नियमांत बांधताच येणार नाही. तो कप जिंकल्यावर त्याने स्केट घातले, बर्फावर आला आणि मालकाला तिथेच सांगितलं की ही शेवटची मॅच. कोच म्हणून टो ब्लेकचा आठ कपांचा विक्रम त्या रात्री मोडला.

दोन्ही अधिकार हवेत म्हणणारा अलीकडचा माणूस म्हणजे पॅट्रिक रुआ. कोलोरॅडोत कोच आणि व्हाइस प्रेसिडेंट होता, पहिल्याच सीझनला बेस्ट कोचची ट्रॉफी घेतली आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये, निर्णयांत आपल्याला पुरेसं विचारत नाहीत म्हणून, राजीनामा देऊन मोकळा. तोच रुआ जो १९९५ ला मॉन्ट्रियलचा गोली असताना डेट्रॉईटने त्याच्यावर नऊ गोल चढवले, कोचने लवकर बाहेर काढलं नाही म्हणून तडक प्रेसिडेंटला जाऊन सांगितलं की इथली ही माझी शेवटची मॅच. समोरच्या बेंचमागे बोमन होता. रुआ कोलोरॅडोला गेला आणि त्याच सीझनला बोमनच्या ६२ विजयवाल्या टीमला घरी पाठवून कप जिंकला.

नवखी_प्रेक्षक:
आता ह्या सगळ्यातून एकच मॅच बघायची झाली तर कुठली बघू? शक्यतो कोचचं काम दिसेल अशी.

बेंचवरून:
१९९७ फायनलची पहिली, फिलाडेल्फियातली. ४-२ लागलीय, निकाल कळला तरी मजा जात नाही. लिंड्रोस बर्फावर उतरला की पकवरून नजर काढून डेट्रॉईटच्या बेंचकडे बघा, लिड्स्ट्रॉम आणि मर्फी किती सेकंदांत येतात ते मोजा. आणि जमलं तर फ्लायर्सचा कोच टेरी मरेपण बघा. पहिल्या मॅचला हेक्स्टॉल, दुसऱ्याला स्नो असे गोली बदलत बसला, तिसरी ६-१ हरल्यावर आपली टीम दडपणाखाली गुदमरतेय अशा अर्थाचं जाहीर बोलून गेला, आणि फायनल संपल्यावर काही दिवसांत त्याची नोकरी गेली. टीमला फायनलपर्यंत नेलेला कोच!